नौदलप्रमुखांना, बॉयलर रूममधून

मा. नौदलप्रमुख,
भारतीय नौदल, नवी दिल्ली



२०२३ चा नौदल दिन आमच्या कोकणात झाला. सिंधुदुर्ग किल्ला समोर, तारकर्लीचा किनारा माणसांनी भरलेला, समुद्रात युद्धनौका, वर विमानं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले मुलगे तुमच्या जहाजांवर आहेत, कितीतरी घरांत माझ्यासारखे निवृत्त म्हातारे आहेत. त्या दिवशी सगळ्यांनाच भरून आलं. त्या दिवशी आणि दर ४ डिसेंबरला, म्हणजे दर नौदल दिनाला, १९७१ च्या युद्धाची कथा सांगितली जाते. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी कराचीवर कशा चालून गेल्या, बबरूभान यादव यांनी त्यांचं नेतृत्व कसं केलं, बंगालच्या उपसागरात विक्रांतच्या विमानांनी काय केलं. ती सगळी खरी आहे आणि ती सांगितली गेलीच पाहिजे. पण ती ऐकताना मला सारखं वाटतं, की या कथेतली जहाजं आपोआप चालतात. कप्तान हुकूम देतो आणि जहाज वेग घेतं. हुकूम आणि वेग यांच्या मध्ये जे घडतं, ते घडवणारी माणसं कथेत नाहीत.

मी त्या मधल्या माणसांपैकी एक आहे. १९७१ साली मी विक्रांतवर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा, होतो. गुहागर तालुक्यातल्या गावातून नौदलात गेलो, लोणावळ्याला शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर बॉयलर शिकलो आणि मिसरूड फुटत असताना विमानवाहू जहाजाच्या पोटात उतरलो. युद्धात मी एकही शत्रू पाहिला नाही, एकही तोफ डागली नाही. उडालेलं एकही विमान त्या दिवसांत माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही. तरीही मी युद्धात होतो. त्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे आणि त्याच्या जोरावर एक मागणी करायची आहे.

आधी बॉयलरबद्दल. विक्रांतच्या इतिहासात एक गोष्ट नोंदलेली आहे, पण तिच्यावरून वाचणारे भराभर पुढे जातात. १९७० च्या जूनमध्ये जहाज मुंबईच्या नौदल गोदीत घेतलं, कारण बॉयलरच्या वॉटर ड्रमना आतून तडे गेले होते. ते वेल्डिंगने बुजण्यासारखे नव्हते. नवे ड्रम देशात मिळत नव्हते, म्हणून ब्रिटनमधून मागवले. पण बंगालमध्ये आग पेटत होती आणि ड्रम आले नव्हते. शेवटी जुनेच बॉयलर कमी दाबाने चालवायचं ठरलं. कित्येक महिने थंड पडलेल्या बॉयलरखाली १ मार्च १९७१ ला पुन्हा जाळ केला. वसंतात समुद्रावर चाचण्या झाल्या, आणि दर चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर दाब न्यायचा नाही अशी मर्यादा आली. चोवीस नॉटच्या आसपास धावू शकणारं जहाज चौदावर आलं.

हे कागदावरचं वाक्य. आता खालचं ऐका. तडा गेलेल्या ड्रमजवळ चार तासांचा वॉच करायचा म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. खूप तापलेली वाफ दिसत नाही. नळीला गळती लागली, तर ती डोळ्यांनी ओळखू येत नाही, आवाजाने येते. मग लाकडी दांडा पुढे धरून हळूहळू चालायचं, दांडा जिथे कापला जाईल तिथे वाफ. हात पुढे करून शोधणाऱ्याचा हात राहत नाही. आमचे चीफ केरळचे होते, बोलायला कमी. वॉच घेताना ते आधी गेज बघत, मग ड्रमच्या बाजूला जाऊन नुसते उभे राहत आणि ऐकत. त्यांचा चेहरा बघून आम्ही आमच्या कामाला लागत असू. मला आजही वाटतं, त्या युद्धात विक्रांतवर जे धैर्य सर्वांत जास्त खर्च झालं ते याच जागी झालं. त्याला पदक नव्हतं आणि आम्हाला ते हवंही नव्हतं. ते धैर्य कुठे लिहिलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

नोव्हेंबरात आम्ही अंदमानच्या बाजूला होतो. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विक्रांतच्या मागावर होती. विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असं भासवण्यासाठी राजपूत या जहाजाने कोणती कामगिरी केली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त उकाडा माहीत होता. रात्री जहाज काळोखात बुडवलेलं, बाहेरच्या हवेचा प्रत्येक झरोका बंद, मेस डेकवर झोप नाही. घरी पत्र लिहायचं ते फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावरून जाणार, त्यात कुठे आहोत हे लिहायचं नाही. मी लिहीत असे, मजेत आहे, जेवण चांगलं आहे. आई ते पत्र शेजारच्या गुरुजींकडून वाचून घ्यायची आणि देवाजवळ ठेवायची.

३ डिसेंबरला संध्याकाळी युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला केला, मग चितगाव, पुढे खुलना, मोंगला. वरच्या डेकवर काय चाललं होतं हे तुमच्या नोंदवह्यांत तपशिलाने आहे. आता तेच खालून कसं दिसत होतं ते सांगतो. ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही.

विक्रांतचं कॅटापल्ट वाफेवर चालायचं. म्हणजे विमानाला डेकवरून पुढे फेकणारी ताकद आमच्याच बॉयलरमधून वर जायची. जहाजाला पुढे ढकलणारी वाफ तीच आणि विमानाला फेकणारी वाफही तीच. अलीझे विमान उडायला डेकवर समोरून भरपूर वारा लागायचा, म्हणजे जहाजाला वेगही हवा आणि कॅटापल्टला दाबही हवा. दोघांना पुरेल इतकी वाफ तडे गेलेल्या ड्रममधून, ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत, काढायची होती. वरून विमान सुटलं की आमच्याकडे धपकन आवाज यायचा, हादरा अंगातून जायचा आणि पाठोपाठ वाफेची मागणी वाढायची. लगेच तेलाचे आणखी स्प्रेयर लावायचे, हवा वाढवायची, पाणी सांभाळायचं. गेजच्या काचेतलं पाणी फार खाली गेलं तर नळ्या जळतात, फार वर गेलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं. काटा पुन्हा जागेवर येतो न येतो तोच पुढचं विमान. अशा प्रकारे आम्ही हल्ले मोजले. कोणत्या वैमानिकाने काय पाडलं ते रात्री मेसमध्ये कळायचं. पण आज किती विमानं गेली, हे विचारायला आम्हाला कोणाकडे जावं लागत नसे.

आणि पाण्याचं. कॅटापल्टला दिलेली वाफ परत येत नाही, ती हवेत जाते. बॉयलरला समुद्राचं पाणी चालत नाही. जहाजावरची यंत्रं खारं पाणी उकळून गोडं करतात, त्यातलं आधी बॉयलरचं, मग भटारखान्याचं, उरलं तर माणसांचं. जितकी विमानं उडतील तितकं आमच्या अंगावरचं पाणी कमी. आठवडाभर काजळी, तेल आणि घाम अंगावर वाळत राहायचे. खाऱ्या पाण्याने धुतलं की कातडी फाटायची, काखेत आणि मांड्यांत घामोळ्यांची आग व्हायची. याबद्दल कोणाची तक्रार मला आठवत नाही. माझ्या शेजारच्या बंकमधला विदर्भातला मुलगा म्हणायचा, की त्याच्या गावाला उन्हाळ्यात असंच असतं. वाचणाऱ्यांना ही किरकोळ गोष्ट वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. देशाच्या इतिहासात लिहिलेला एकेक हल्ला शेकडो माणसांच्या अंगावरच्या पाण्यातून उडाला आहे, हे शाळेतल्या मुलाला कळलं तर त्याला युद्ध म्हणजे काय ते अधिक खरं कळेल.

धुराचीही एक शिस्त होती. फनेलमधून काळा धूर निघाला तर क्षितिजापलीकडूनही जहाजाची जागा कळते. त्यामुळे तेल आणि हवा यांचं प्रमाण क्षणोक्षणी जुळवत राहायचं. समोर आरसा लावलेली एक नळी असते, तिच्यातून फनेलमधला धूर दिसतो. नजर त्या आरशावर, कान ड्रमकडे, हात झडपेवर. हजाराहून जास्त माणसं वर आहेत आणि आपल्या हातून सुटलेला एक काळा लोट पाणबुडीला वाट दाखवू शकतो, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर होतं.

मग ९ डिसेंबर. त्या दिवशी गाझी बुडाल्याचं नौदलाने जाहीर केलं. जहाजभर आनंद झाला. मेस डेकवर कोणीतरी ताटावर ठेका धरला, इतक्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली. त्याच रात्री, देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, दीवजवळ हँगोर या पाणबुडीने आपली खुखरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांच्या थोरवीपुढे मी आजही उभा राहून मान वाकवतो, आणि प्रत्येक स्टोकर वाकवेल. कारण आम्हाला ठाऊक आहे, की बुडत्या जहाजावर कप्तान थांबतो तो खालच्यांना सोडून जायचं नाही म्हणूनच.

पण सर, त्या १७६ मधले जे त्या क्षणी बॉयलर रूममध्ये आणि इंजिन रूममध्ये होते, त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? खुखरी काही मिनिटांत गेली. ज्या वेळी वरच्यांना उडी मारायची की नाही हे ठरवायला क्षण तरी मिळाला, त्या वेळी खाली काय झालं असेल ते मला कळतं, कारण मी त्याच तऱ्हेच्या जागेत उभा होतो. अ‍ॅक्शन स्टेशन्सचा इशारा वाजला की डोक्यावरची झाकणं बंद होतात. ती बंद व्हायलाच हवीत, नाहीतर एका भागातलं पाणी सगळ्या जहाजात पसरेल. खाली उतरतानाच हे मान्य करून उतरायचं असतं. लोणावळ्याला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक जण खुखरीवर होता. त्याला सुटीत गावी जाऊन आंब्याची कलमं लावायची होती, त्याबद्दल तो तासन्‌तास बोलायचा. दीवच्या स्मारकावर नावं आहेत, ते उत्तम झालं. पण नावाखाली माणूस असतो, आणि त्या माणसाला ओळखणारे आता आम्ही थोडेच उरलो आहोत.

आमच्या बाजूच्या गावांत तेव्हा काय झालं, हेही नोंदवायला हवं. नौदलाचं एक जहाज गेलं, एवढी बातमी पोचली. कोणाचा मुलगा कोणत्या जहाजावर आहे हे घरच्यांना नीट ठाऊक नसायचं, पत्त्यावरून ते कळू नये अशीच तर व्यवस्था होती. एकाच वाडीतल्या चार-पाच घरांत चुली पेटल्या नाहीत. माझं पत्र येईपर्यंत आईने केसांना तेल लावलं नाही. तिने मला हे कधी सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं, आई गेल्यावर.

नौसैनिकाचं काम कधीच दिसत नाही असं मी म्हणत नाही. बंगालच्या नद्यांत मोहन नारायण राव सामंत यांच्या हाताखाली लढलेले लीडिंग सीमन चिमन सिंग यांना महावीर चक्र मिळालं. ते अधिकारी नव्हते. त्या मोहिमेतल्या एका गनबोटीचं नाव पनवेल होतं. आमच्या रायगडच्या पनवेलचं नाव खुलन्याच्या नदीत गेलं होतं, हे आज पनवेलमध्ये किती जणांना माहीत आहे? विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं आली, त्यांचा अभिमान सगळ्या जहाजाला होता, आम्हालाही. माझं गाऱ्हाणं पदकांबद्दल नाही. माझं म्हणणं आठवणीबद्दल आहे.

व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांनी १९६५ ते १९७५ या काळाचा नौदलाचा इतिहास लिहिला. मोठं काम आहे, मी ते शब्दकोश शेजारी ठेवून, महिने लावून वाचलं. अधिकाऱ्यांच्या आठवणी त्यात पुष्कळ आहेत आणि मोलाच्या आहेत. खालच्या डेकचा माणूस त्यात सापडायला फार शोधावं लागतं. हा लेखकाचा दोष नाही. अधिकारी अहवाल लिहितो, पुढे पुस्तक लिहितो, व्याख्यान देतो, तेही इंग्रजीत. नौसैनिक निवृत्त होतो, बँकेत किंवा कारखान्यात दुसरी नोकरी धरतो, शेती बघतो, आणि विचारलं तरच बोलतो. त्याला कोणी विचारलेलंच नाही. १९४६ च्या नाविकांच्या उठावाबद्दल आपल्याला आतलं जे कळतं, त्यातलं बरंचसं कळतं ते तलवार या नौदल तळावरच्या बी. सी. दत्त यांनी स्वतः लिहिलं म्हणून. ते टेलिग्राफिस्ट होते, त्यांच्या हाताला शब्दांची सवय होती. माझ्या हाताला झडपेची सवय होती.

आता जहाजंही राहिली नाहीत. विक्रांत १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. मुंबईत ती काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला, काहीचं मुंबईत लायन गेटजवळ स्मारक झालं. जहाज वाचवायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, पण त्यावर आता वाद घालून उपयोग नाही. २०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांत नौदलात आली तेव्हा मी दूरदर्शनसमोर सलाम ठोकला. ती गॅस टर्बाइनवर चालते. तिथल्या मुलांना पाणी आणि जाळ यांचं गणित मांडावं लागणार नाही, हे चांगलंच झालं. पण जुनं जहाज मोडलं आणि जुनी विद्या गेली, तर त्या जहाजावरचं युद्ध फक्त चालवणाऱ्यांच्या स्मरणात उरतं. त्यातला सर्वांत धाकटाही आता सत्तरीच्या पुढे आहे.

म्हणून माझी मागणी. १९७१ मध्ये कोणत्याही जहाजावर असलेल्या हयात नौसैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. स्टोकर, स्वयंपाकी, सिग्नलवाले, डेकवर विमानं ढकलणारे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे, सगळ्यांच्या. ज्याची जी भाषा असेल तिच्यात. मराठी, मल्याळम, तेलुगू, पंजाबी, ओडिया. इंग्रजीत बोला असं म्हटलंत, की अर्धे गप्प बसतील आणि उरलेले अहवाल सांगतील. लंडनच्या युद्ध संग्रहालयाने १९७० च्या दशकापासून साध्या सैनिकांचे, खलाशांचे आवाज जमवले आहेत, त्यामुळे त्यांच्या इतिहासाला खालचा मजला आहे. आपल्याकडेही सुरुवात करायला जागा आहे. मुंबईची मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी १९७८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी सुरू केली. १९७१ मध्ये त्याच बंगालच्या उपसागरात ते कामोर्टाचे कप्तान होते. फलटणजवळ विंचुर्णीला राहून शेवटपर्यंत समुद्राबद्दल बोलत राहिलेल्या त्या माणसाला ही कल्पना पटली असती, असं मला मनापासून वाटतं.

मुद्रणं झाली की ती कपाटात ठेवू नका. लोणावळ्याला शिवाजीवर जी मुलं आज यंत्रं शिकत आहेत त्यांना ऐकवा. पुस्तकात दाबाचा आकडा मिळतो. दाब उतरत असताना शेजारच्याकडे कसं बघायचं नाही, हे पुस्तकात मिळत नाही.

माणसं कशी शोधायची, असा प्रश्न कचेरीत निघेल, म्हणून तेही सांगतो. दर नोव्हेंबरात आमच्यातले पुष्कळ जण हयातीच्या दाखल्यासाठी बाहेर पडतात. ज्यांना मोबाइलवर जमत नाही ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतात, एकमेकांना भेटतात, बाकावर बसून तासभर जुन्या गोष्टी निघतात. त्या बाकाजवळ एक समजूतदार माणूस आणि एक रेकॉर्डर ठेवा. ज्यांना पेन्शन नाही, लवकर सोडून गेले, ते तिथे येणार नाहीत. त्यांचे पत्ते बाकावरचेच लोक देतील. विधवांनाही विचारा. पत्रं त्यांच्याकडे आहेत.

आमच्या जिल्ह्यापासून सुरुवात करायची असेल तर रत्नागिरीचं कार्यालय चालेल. गुहागर, दापोली, राजापूरकडची माणसं पहिल्या एसटीने निघतात, साडेदहाच्या सुमारास पोचतात आणि दुपारच्या गाडीने परततात. मी येईन. चिपळूणचा माझा एक सोबती आहे, तो विक्रांतच्या फ्लाइट डेकवर होता, त्यालाही घेऊन येईन. त्याने वरून पाहिलं, मी खालून. आम्ही दोघे एकत्र बोललो, तर ४ डिसेंबरच्या सकाळचा एक हल्ला पुरा होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त स्टोकर, विक्रांत
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी